स्लाईम रँचर: टार न होऊ देता पहिला रँच उभा करायची पद्धत

स्लाईम रँचर हा व्हिडिओ गेम नव्याने खेळणाऱ्यांचे बहुतेक रँच (स्लाईम पाळायची शेतं) एकाच कारणाने बुडतात. दिसेल तो गोंडस स्लाईम (जेलीसारखा प्राणी) उचलायचा, सगळे एकाच कोरलमध्ये, म्हणजे कुंपणात, ओतायचे आणि त्यांना खायला काय घालायचं याचा विचार नंतर करायचा. मग एका सकाळी कोरलमध्ये काळे, तेलकट रंगाचे टार नाचत असतात आणि बाकी सगळे गायब झालेले असतात. गेम बिघडलेला नसतो. क्रम उलटा झालेला असतो.

योग्य क्रम असा: आधी खाणं, मग जागा, मग एकाच जातीचे स्लाईम, मग बाजार आणि सगळ्यात शेवटी जातींचं मिश्रण. खालचे टप्पे मोनोमी पार्कच्या पहिल्या गेमचे आहेत (पूर्ण आवृत्ती २०१७) आणि अ‍ॅडव्हेंचर मोड धरून लिहिले आहेत. दुसऱ्या भागात रेनबो आयलंड आणि कंझर्व्हेटरी अशा नव्या जागा असल्या, तरी लार्गो आणि टार यांचा नियम तिथेही हाच आहे.

## आधी एकच नियम पाठ करा

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं मात्र राहू द्या.

स्लाईम खाल्ल्यावर जो विकता येणारा खडा टाकतो तो प्लॉर्ट. साध्या स्लाईमने दुसऱ्या जातीचा प्लॉर्ट खाल्ला की तो लार्गो होतो, म्हणजे दोन जातींचा मोठा स्लाईम. लार्गोने तिसऱ्याच जातीचा प्लॉर्ट खाल्ला की त्याचा टार होतो. टार इतर स्लाईमना खाऊन वाढत जातो आणि तुमच्यावरही हल्ला करतो.

यातून थेट निघणारा हिशोब असा:

- कोरलमध्ये एकच जात असेल तर टार होऊच शकत नाही.
- दोन जाती असतील तर फार तर लार्गो होतील, टार नाही.
- तिसरी जात आत आली किंवा तिचा एखादा प्लॉर्ट जरी उडून पडला, तर वेळ मोजायला सुरुवात करा.

‘पण मी तिसरा स्लाईम ठेवलाच नव्हता,’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. स्लाईम ठेवलेला नसतोच. शेजारच्या कोरलमधून प्लॉर्ट उसळून आलेला असतो, किंवा व्हॅकपॅकचा (वस्तू ओढून घ्यायचं आणि बाहेर मारायचं पाठीवरचं यंत्र) चुकीचा कप्पा निवडलेला असताना तुम्हीच तो आत मारलेला असतो.

## टप्पा १: बाहेर पडण्याआधी कप्पे ठरवा

व्हॅकपॅकला सुरुवातीला चार कप्पे असतात आणि एका कप्प्यात एकाच प्रकारच्या २० वस्तू मावतात. ठरवून निघाला नाहीत तर पहिल्या पाच मिनिटांत चारही कप्पे भलत्याच गोष्टींनी भरतात आणि हवी ती वस्तू समोर असून उचलता येत नाही.

पहिल्या फेऱ्यांसाठी माझी वाटणी अशी:

1. एका कप्प्यात भाजी. ड्राय रीफमध्ये, म्हणजे रँचबाहेरच्या पहिल्या भागात, गाजर सहज मिळतं.
2. दुसऱ्यात फळ, म्हणजे पोगोफ्रूट.
3. तिसऱ्यात स्लाईम, एका फेरीत एकच जात.
4. चौथा रिकामा. वाटेत प्लॉर्ट दिसले की ते इथे.

कोंबड्या पहिल्या फेरीत नकोत. त्या पळतात, त्यांच्यामागे वेळ जातो आणि त्यांच्यासाठी कूप लागतो. मांस खाणाऱ्या टॅबी स्लाईमचं काय, असं विचाराल, तर त्यावर टप्पा ६ मध्ये कोंबडीशिवायचा उपाय आहे.

> सावधान: बेशुद्ध पडलात तर रँचवर जाग येते आणि व्हॅकपॅकमधलं सगळं जातं. स्लाईम सीमध्ये, म्हणजे भोवतालच्या समुद्रात, पडलात तरी तेच. कप्पे भरलेले असताना कड्यावरून उडीचे प्रयोग करू नका. आधी घरी जाऊन माल उतरवा.

## टप्पा २: स्लाईमआधी बाग

रिकाम्या जागेवर काय बांधायचं ते तिथल्याच पॅनलवरून ठरतं. कोरल, गार्डन आणि कूप (कोंबड्यांचं खुराडं) प्रत्येकी २५० न्यूबक्सचे (गेममधले पैसे), तर सायलो (साठवणीचं कोठार), इन्सिनरेटर (भट्टी) आणि पाँड (तळं) प्रत्येकी ४५० चे. सुरुवातीला २५० सुद्धा मोठे वाटतात, म्हणून लोक सगळे पैसे कोरलवर घालवतात आणि जेवणासाठी रोज रानात भटकतात. हे काही दिवस चालतं. मग एक दिवस लांबची मोहीम होते, घरचे स्लाईम उपाशी राहतात, चिडतात आणि भिंतीवरून उड्या मारतात.

म्हणून पहिलं बांधकाम गार्डनचं करा.

1. गार्डन बांधा.
2. गार्डनच्या डिपॉझिटरमध्ये (बियाणं टाकायच्या तोंडात) एकच गाजर मारा. एक पुरतं. मूठभर मारून बियाणं वाढत नाही.
3. पीक तयार झालं की लगेच काढा. पडून राहिलेलं खाणं सडतं.
4. काढलेलं पीक पुढे सायलोत ठेवा. सायलोतलं खाणं सडत नाही.

पहिली बाग भाजीची की फळाची? भाजीची, माझं मत ठाम आहे. रॉक स्लाईम भाजी खातात, पिंक काहीही खातात आणि पुढे टॅबीचं कोडंही भाजीनेच सुटतं. फळबाग फॉस्फर किंवा हनी पाळायला घ्याल तेव्हा लावा.

> तपासा: बागेतून एक पूर्ण पीक हाताला लागलं आहे का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: पहिला कोरल, एकच जात

पिंक स्लाईम पहिले घ्या. ते सगळं खातात, फारसा त्रास देत नाहीत आणि रँचच्या दाराबाहेरच भेटतात. त्यांचा प्लॉर्ट स्वस्त आहे, पण इथे पैसे कमावण्यापेक्षा हात बसवणं महत्त्वाचं.

1. कोरल बांधा.
2. सहा-सात पिंक आणा. वीस नकोत. वीस स्लाईमना पुरेल एवढं अन्न एका बागेतून निघत नाही.
3. खाणं आत मारा आणि प्लॉर्ट पडताना बघा.
4. प्लॉर्ट लगेच ओढून घ्या.

चौथी पायरी रोजची सवय करा. एकाच जातीच्या कोरलमध्ये प्लॉर्ट पडून राहिला तर धोका नाही, हे खरं. पण पुढे शेजारी दुसरा कोरल येणार आहे, आणि तेव्हा हीच आळशी सवय महागात पडते.

पिंक जमले की दुसऱ्या कोरलमध्ये रॉक आणा. रॉकचं आवडतं खाणं हार्ट बीट आहे. आवडतं खाणं दिलं की प्लॉर्ट दुप्पट मिळतात, त्यामुळे एक हार्ट बीट हाताला लागलं की ते खाऊ घालू नका, बागेत लावा.

कोण काय खातो, याची कामापुरती यादी:

- पिंक: सगळं. आवडतं असं काही नाही.
- रॉक: भाजी. आवडतं हार्ट बीट.
- टॅबी: मांस. आवडती स्टोनी हेन.
- फॉस्फर: फळ. आवडती क्यूबेरी.
- हनी: फळ. आवडता मिंट मँगो.
- बूम: मांस. आवडती ब्रायर हेन.
- रॅड: भाजी. आवडतं ओका ओका.
- क्रिस्टल: भाजी. आवडता ऑड अनियन.

## टप्पा ४: भिंती, जाळी आणि अंतर

पहिले जास्तीचे पैसे आले की हात नव्या कोरलकडे वळतो. तो आवरा. असलेल्या कोरलला आधी हाय वॉल्स, म्हणजे उंच भिंती, घ्या. स्लाईम उड्या मारतात, भुकेले तर जास्तच, आणि मूळ भिंत त्यांना अडवायला पुरत नाही.

सुधारणांचा क्रम मी असा ठेवतो: हाय वॉल्स, मग प्लॉर्ट कलेक्टर (पडलेले प्लॉर्ट आपोआप गोळा करणारा), मग ऑटो-फीडर (आपोआप खाणं घालणारा). एअर नेट, म्हणजे वरची जाळी, उडणाऱ्या जातीसाठी लगेच, बाकीच्यांसाठी सवडीने. म्युझिक बॉक्सने स्लाईम शांत राहतात, पण पोट भरलेलं असेल तर ते तसेही बऱ्यापैकी शांत असतात, म्हणून तो शेवटी.

प्लॉर्ट कलेक्टरला लोक चैन समजतात. मला तो सुरक्षेचा भाग वाटतो, कारण जमिनीवर प्लॉर्ट पडलेलाच नसेल तर खाणार कोण?

फॉस्फरबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण ‘रात्री पकडलेले सकाळी गेले’ हे कोडं नेहमीचं. ते चोरीला जात नाहीत आणि भिंतीवरूनही पळत नाहीत. उन्हात फॉस्फर नाहीसे होतात. त्यांना सोलर शील्ड (ऊन अडवणारं आच्छादन) लावलेला कोरल हवा, नाहीतर ग्रोटोमध्ये जागा हवी. ग्रोटो ही रँचला जोडून विकत घेता येणारी गुहा, तिथे ऊन येतच नाही. शिवाय ते उडतात, म्हणून एअर नेट हवीच. या दोन गोष्टींचे पैसे नसतील तर फॉस्फर उचलूच नका.

> सावधान: दोन वेगळ्या जातींचे कोरल अगदी शेजारी असतील तर दोन्हींना हाय वॉल्स होईपर्यंत मधली जागा गार्डनसाठी वापरा. कूप मात्र मध्ये बांधू नका. मांस खाणारा एखादा सुटला तर पहिलं जेवण तिथेच होतं.

## टप्पा ५: विक्री, पण थांबून

प्लॉर्ट मार्केटमध्ये भाव रोज बदलतो. एकाच जातीचे खूप प्लॉर्ट एकदम विकले की त्या जातीचा भाव खाली येतो आणि सावरायला काही दिवस घेतो. तरीही लोक कप्पा भरला की धावत जाऊन सगळे ओततात.

1. सकाळी उठल्यावर आधी फलकावरचे भाव बघा. चढता की उतरता, ते बाणावरून कळतं.
2. चढत्या जातीचे विका. उतरत्या जातीचे सायलोत ठेवा. त्यासाठी सायलोत प्लॉर्टसाठी वेगळा कप्पा राखून ठेवा.
3. विकण्याआधी रेंज एक्सचेंजवर नजर टाका. तिथे मागितलेले प्लॉर्ट आणि खाणं दिलं की बदल्यात दुसऱ्या वस्तू मिळतात. रँचवर नसलेलं बियाणं कधीकधी असंच हाताला लागतं.
4. प्रत्येक जातीचे थोडे प्लॉर्ट मागे ठेवा. पुढच्या टप्प्यात लागतील.

दोन-तीन जाती पाळण्याचं खरं कारण इथे दिसतं. एकीचा भाव पडला तरी दुसरी हात देते. सगळा रँच पिंकने भरला तर तुमचाच माल तुमचा भाव पाडतो.

पैसे साठले की घरातल्या टर्मिनलवरून व्हॅकपॅकच्या सुधारणा घ्या. त्यात वॉटर टँक पहिला. जेटपॅकचा मोह समजू शकतो, उडायला कोणाला आवडत नाही! पण टारवर मारा करण्याचं साधन पाणी आहे आणि टँकशिवाय पाणी नेता येत नाही.

> तपासा: वॉटर टँक घेतला का? तो भरायला सगळ्यात जवळचं पाणी कुठे आहे, हे माहीत आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच लार्गोंकडे वळा.

## टप्पा ६: लार्गो, ठरवून

लार्गो चुकून झाले तर डोकेदुखी, ठरवून केले तर रँचचा कणा. लार्गो दोन्ही जातींचं खाणं खातो आणि एका घासाला दोन्ही जातींचा एकेक प्लॉर्ट देतो. म्हणजे तेवढ्याच अन्नात दुप्पट माल, तोही एकाच कोरलमधून.

जोडी निवडताना दिसण्यावर जाऊ नका, खाण्यावर जा. माझी शिफारस रॉक आणि टॅबी. हा लार्गो भाजीही खातो आणि मांसही. त्याला नुसती गाजरं घाला, टॅबीचा प्लॉर्ट तरीही मिळतो. कूप नको, कोंबड्यांमागे धावणं नको. पुढे हनी आणि फॉस्फर हीसुद्धा चांगली जोडी आहे, कारण दोघांनाही फळच लागतं आणि एका बागेत काम भागतं. पिंकबरोबरची कुठलीही जोडी सगळं खाते, पण कोरलच्या अर्ध्या उत्पन्नात पिंकचा स्वस्त प्लॉर्ट येतो. अन्नाची टंचाई असेल तरच ती घ्या.

कृती अशी करा:

1. लार्गो कायमचे ज्या कोरलमध्ये राहणार, तिथेच हे काम करा. लार्गो व्हॅकपॅकच्या कप्प्यात मावत नाहीत, नळीच्या तोंडाशी धरून एकेक ओढत न्यावे लागतात. दुसरीकडे तयार करून हलवण्यात संध्याकाळ जाते.
2. त्या कोरलला हाय वॉल्स आहेत याची खात्री करा. लार्गो मोठे असतात आणि साध्या भिंतीवरून सहज बाहेर येतात.
3. आत फक्त टॅबी ठेवा. पाच-सहा पुरेत.
4. आतले सगळे प्लॉर्ट काढून घ्या.
5. व्हॅकपॅकमध्ये प्लॉर्ट फक्त रॉकचेच असू द्या. बाकी सगळे सायलोत उतरवून या. चुकीचा कप्पा निवडून भलता प्लॉर्ट मारण्याची चूक इथेच होते.
6. रॉकचे प्लॉर्ट एकेक करून मारा, जेवढे टॅबी तेवढेच.
7. सगळे लार्गो होईपर्यंत तिथेच उभे राहा.

एखादा टॅबी साधाच राहिला तर घाबरू नका. आतल्या लार्गोंनी टाकलेला रॉकचा प्लॉर्ट तो आज ना उद्या खाईल आणि त्याचाही तोच लार्गो होईल. आत दोनच जाती आहेत तोवर सगळं ठीक.

> सावधान: लार्गोंच्या कोरलमध्ये तिसऱ्या जातीचा एकही स्लाईम ‘फक्त रात्रीपुरता’ ठेवू नका. तो प्लॉर्ट टाकण्यासाठी सकाळपर्यंत थांबत नाही.

पडल आणि फायर या जातींचे लार्गो होत नाहीत, त्यामुळे तो प्रयत्न सोडा. पडलला पाँड लागतो आणि अन्न म्हणून फक्त पाणी. एका पाँडमध्ये त्यांची गर्दी केली की ते लाजतात आणि प्लॉर्ट देणं थांबवतात. फायर स्लाईम राख खातात आणि त्यांच्यासाठी इन्सिनरेटर लागतो. दोन्ही मजेदार आहेत, पण पहिल्या रँचचं काम नाही.

## टप्पा ७: लांबच्या मोहिमेला जाण्याआधी

ड्राय रीफच्या पलीकडे गेलं की फेऱ्या लांबतात. मॉस ब्लँकेटमध्ये हनी मिळतात, इंडिगो क्वॉरीत रॅड आणि क्रिस्टल. या भागांच्या दारांना स्लाईम की लागते आणि त्या चाव्या काही गॉर्डो फुटल्यावर मिळतात. गॉर्डो म्हणजे जागेवरून न हलणारा, डोंगराएवढा स्लाईम. त्याला त्याच्या जातीचं खाणं पोट भरून फुटेपर्यंत घालायचं.

इथे नेहमीची चूक म्हणजे अर्धा कप्पा खाणं नेऊन परत फिरणं. गॉर्डोकडे जाताना दोन कप्पे पूर्ण भरून न्या, जमल्यास त्याच्या आवडीचंच, म्हणजे कमी लागेल. तो फुटला की आतून स्लाईम आणि इतर वस्तूही बाहेर पडतात. त्यांच्यासाठी बाकीचे कप्पे मोकळे ठेवा.

निघण्याआधी रँचवर एक चक्कर मारा:

- प्रत्येक कोरलचा ऑटो-फीडर भरलेला आहे.
- जमिनीवर एकही प्लॉर्ट पडलेला नाही.
- बागेतलं तयार पीक सायलोत गेलं आहे.
- वॉटर टँक भरलेला आहे.

रॅडजवळ फार वेळ उभं राहिलं तर त्यांच्या किरणोत्सर्गाने इजा होते, बूम फुटतात, रॉक आणि क्रिस्टल टोचतात. यांना पकडताना लांबून ओढा आणि लगेच बाजूला व्हा. आणि वाटेत चमकणारा गोल्ड स्लाईम दिसला तर त्याला पकडायच्या नादाला लागू नका, तो पाळता येत नाही. हातात जे असेल ते त्याच्यावर मारा, प्लॉर्ट पडेल, तो घ्या आणि पुढे चला.

## टार झालाच तर

1. पळू नका, आणि टारच्या अंगावरही जाऊ नका. आधी टँकमध्ये पाणी आहे का ते बघा. नसेल तर जवळच्या पाण्याकडे धावा. पाँड बांधलेला असेल तर त्यातूनही पाणी ओढता येतं.
2. लांबूनच पाण्याचे फवारे मारा. गोड्या पाण्याने टार विरघळतात.
3. एकाहून जास्त कोरल असतील तर आधी निरोगी कोरलच्या सगळ्यात जवळ असलेला टार मारा, सगळ्यात मोठ्या घोळक्याकडे नंतर वळा.
4. पाणी संपलं आणि टार अजून शिल्लक असतील, तर शेजारच्या कोरलमधले साधे स्लाईम व्हॅकपॅकमध्ये ओढून घ्या आणि लांब व्हा. खायला काही मिळालं नाही की टार काही वेळाने आपोआप विरतात.
5. सगळं शांत झालं की कोरल पूर्ण रिकामा करा. कोपऱ्यात अडकलेला एक प्लॉर्टसुद्धा मागे ठेवू नका.
6. तिसरा प्लॉर्ट आला कुठून, ते शोधल्याशिवाय त्या कोरलमध्ये पुन्हा काही भरू नका. कारण बहुतेक वेळा या तिघांपैकी एक असतं: शेजारचा बिनजाळीचा कोरल, बाहेरून उडी मारून आत आलेला रानातला स्लाईम, किंवा व्हॅकपॅकचा चुकीचा कप्पा.